गळाच्या काठीला कानटोपी

आपल्या हातून काही बिघडले की दोष हवामानावर ढकलायचा, ही आपल्याकडची जुनी चाल आहे. लोणच्याला बुरशी आली की पावसाळा नडला. बरणीत ओला चमचा कोणी घातला हे विचारायचे नाही. आमच्या बँकेत मे महिन्यात कॅश जुळली नाही की हेडकॅशियर उकाड्याकडे बोट दाखवतात, आणि डिसेंबरात जुळली नाही की गारठ्याकडे. हवामानाला तोंड नाही, युनियनही नाही. ते बिचारे ऐकून घेते.

इथवर माझे काही म्हणणे नव्हते. पण मागच्या हिवाळ्यात मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ताईकडे पाच आठवडे राहून आलो (साठवलेली सगळी पी.एल. खर्ची पडली, आमच्या एलएफसीत परदेश बसत नाही), आणि तिथे थंडीवर जो खोटा खटला भरलेला पाहिला, त्यानंतर गप्प बसणे मला जमेना. आरोप असा, की थंडीने मासे पकडायची काठी खराब होते. म्हणून हिवाळा लागला की गळाच्या काठ्या गॅरेजमधून उचलाव्यात, नळकांड्यात घालून झाकण घट्ट लावावे आणि घरात उबेला, जमल्यास भट्टीशेजारी, ठेवून द्याव्यात. फिर्यादी आमचे भाऊजी. साक्षीदार म्हणून तिथल्या मराठी मंडळींतले आणखी तिघे. त्यांतल्या दोघांनी मासा फक्त ताटात पाहिला आहे आणि तिसरा शाकाहारी आहे.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही डोंबिवलीचे. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस, आणि गळ म्हणजे मुलांच्या पुस्तकातलं चित्र. आम्हाला काय त्याचं?" तर वाचकहो, आज कुणाच्या घरात एखादा मुलगा, भाचा, जावई त्या बर्फात नाही? आज ना उद्या तुम्हालाही तिथे एक हिवाळा काढायचा आहे. तिथे तुमचे काय होणार, याचा या काठीशी संबंध आहे. तो पुढे येईलच.

मी बी.कॉम. आहे, इंजिनियर नाही, कोळी तर नाहीच. तरी या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे, कारण गेली नऊ वर्षे मी लॉकरच्या टेबलावर बसतो. जपून ठेवलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, ते माझ्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. एका बाईंनी सासूबाईंची चांदीची ताटे रबरबँड लावून लॉकरात ठेवली. रबरात गंधक असते आणि गंधकाने चांदी काळी पडते. सहा वर्षांनी मुंजीसाठी ताटे काढली, तर प्रत्येक ताटावर काळा पट्टा, वाघासारखा. दुसऱ्या बाईंनी पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली होती. पैठणी घडीवर चिरली, जर काळवंडली. दोघींचेही तक्रारअर्ज माझ्याच टेबलावर आले, आणि मजकूरही एकच: आपल्या लॉकररूममधील हवा खराब आहे. "मी चुकीचे बांधले" असा अर्ज नऊ वर्षांत एकही आलेला नाही.

तेव्हा भाऊजींचा दावा ऐकताच माझ्यातला लॉकरवाला जागा झाला.

आधी वादातली वस्तू सांगतो. ताईचे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. वय ७८. सांगलीला होते तेव्हा दर रविवारी पहाटे कृष्णेवर गळ टाकून बसत. मिळालेला मासा परतीच्या वाटेवर कुणाला तरी देऊन टाकत, कारण काकूंना घरात चालायचा नाही. काकू गेल्यावर भाऊजी त्यांना मिनेसोटाला घेऊन गेले. त्या राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी ११,८४२ आहेत. मोटारींच्या नंबरप्लेटवर मात्र 'दहा हजार तळी' एवढेच लिहून ते राज्य विनय दाखवते. अण्णा मे ते ऑक्टोबर तळ्याकाठी आणि नोव्हेंबर ते एप्रिल खिडकीशी, असा त्यांचा मुक्काम.

शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या दिवंगत नवऱ्याची काठी अण्णांना दिली. ही काठी म्हणजे आपल्याकडची वेळूची काठी नव्हे. बांबूच्या सहा चिपा त्रिकोणी तासायच्या, एकमेकींना चिकटवून षट्कोनी भरीव दांडा करायचा, वर रेशमी दोऱ्याने कड्या बांधायच्या, मग रोगणाचे हात द्यायचे. मुठीला बूच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारागीर यासाठी आपल्याकडचा बांबू वापरत आणि त्याला 'कलकत्ता' म्हणत. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या 'टोंकिन' बांबूने कलकत्त्याला मागे टाकले. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापारच बंद केला आणि बांबूचे दिवस फिरले. काचतंतूंच्या काठ्यांचे फावले, आणि १९७० नंतर कार्बनच्या आल्या. एक माल अडला की पर्यायी मालाला सुगी येते, हे आम्हाला बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षाला होते. पण त्याचे इतके देखणे उदाहरण कोणी दिले नव्हते. अण्णांची काठी युद्धाच्या आधीची असावी. त्या काळच्या पुष्कळ काठ्या सरसाने जोडलेल्या असत. सरस तोच, सुताराचा, गरम पाण्यात विरघळणारा. एवढे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अण्णा तळ्यावरून पावसात भिजत घरी आले. काठी ओली, तिची कापडी पिशवी ओली. अण्णा म्हणाले, "दोन दिवस गॅरेजात टांगून ठेवू. वाळू दे." भाऊजी म्हणाले, "अण्णा, इथं आता बर्फ पडेल. तुम्हाला इथल्या थंडीची कल्पना नाही." आणि ओली काठी ओल्या पिशवीत, पिशवी अॅल्युमिनियमच्या नळकांड्यात, नळकांड्याला आटे असलेले झाकण, आणि ते सगळे तळघरात, घर गरम करणाऱ्या भट्टीपासून चार फुटांवर. बाहेर ओले, आत कोंडलेले, शेजारी जाळ. आपल्याकडे याला इडलीपात्र म्हणतात.

डिसेंबरात मी गेलो तेव्हा अण्णांनी मोठ्या हौसेने ते नळकांडे मला दाखवायला काढले. झाकण उघडताच असा वास आला, की आमच्या रेकॉर्डरूमची आठवण झाली. रोगणावर पांढरे डाग, फोड. बुचाला हिरवी बुरशी. आणि मुठीच्या वर, वीतभर, चिपांचा जोड सुटलेला. फटीत नख जात होते. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी काठी पंचाने पुसली, पुन्हा पुसली आणि मांडीवर घेऊन बसले.

भाऊजी जिना उतरून आले. पाहिले आणि म्हणाले, "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं? थंडी!"

तळघरातल्या यंत्रावर २१ अंश सेल्सियस होते. भाऊजी बनियनवर होते.

मी म्हणतो, खुनाच्या खटल्यातसुद्धा आरोपी घटनास्थळी हजर होता, एवढे तरी सिद्ध करावे लागते. थंडी त्या काठीजवळ फिरकलीच नव्हती. ती बाहेर, दाराच्या पलीकडे, आपले काम करीत उभी होती. काठीला मारले पाण्याने आणि उबेने, दोघांनी मिळून. आणि पाण्याला बाहेर जायची वाट बंद केली त्या झाकणाने. सरस मऊ पडतो तो दमटपणाने आणि उष्णतेने. रोगणाला फोड येतात ते ओल कोंडल्याने. बुरशीला तर ऊब हवीच असते. उणे वीसमध्ये बुरशी वाढल्याचे कोणी ऐकले आहे?

"मग माझ्या कार्बनच्या काठ्या?" भाऊजींनी दुसरी आघाडी उघडली. त्यांच्या सहा आहेत, त्यांतल्या चारांची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. "त्या थंडीत तडकणार नाहीत?"

भाऊजी, कार्बनचे धागे आणि राळ, एवढीच तुमच्या काठीची जात. याच जातीच्या मालाचे, वजनाने जवळजवळ निम्मे, बोइंग ७८७ विमान केलेले असते. ते १०-१२ किलोमीटर उंचीवर उणे पन्नासाच्या हवेतून, अडीचशे माणसे पोटात घेऊन, अख्खा समुद्र ओलांडते. त्याला कोणी कानटोपी घालत नाही. आणि तुमच्या काठीवर काय भार आहे? ती आपली भिंतीवर टांगलेली असणार. भर थंडीत तिला कुणी धनुष्यासारखी वाकवली तर गोष्ट वेगळी. पण गॅरेजमध्ये शिवधनुष्याचा पण कोणी लावलेला नाही.

तिथली थंडी थट्टेची नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. मी पाहिलेली सर्वांत कडक सकाळ उणे २६ ची, आणि तेवढ्यात नाकातला केस अन् केस वेगळा मोजता येत होता. पण कडक असणे वेगळे आणि गुन्हेगार असणे वेगळे. आमचे एक जुने मॅनेजर फार कडक होते. त्यांच्या कारकिर्दीत एक पै इकडची तिकडे झाली नाही. लाघवी होते त्यांच्या काळात काय काय झाले, ते इथे लिहिता येत नाही.

थंडीकडून अगदी काहीच होत नाही असे मी म्हणत नाही. खटला न्यायाने चालावा. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगते. तेव्हा रिळात, पोकळ मुठीत, बुचाच्या भेगेत पाणी राहिले असेल तर ते आतून पाचर मारणार. रिळातले ग्रीस थिजते, तंगूस ताठरते. पण यातले पहिले पाप पुन्हा पाण्याचेच, म्हणजे न पुसणाऱ्याचे. आणि बाकीची दोन उबेत आल्यावर आपोआप सुटतात. एक धोका मात्र खरा आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. उणे वीसमधली काठी पाहुण्यांना दाखवायला म्हणून एकदम गरम दिवाणखान्यात आणली, की तिला घाम फुटतो. बाहेरून घरात येताच चष्म्यावर वाफ धरते ना, तेच. पाहुणे गेले की ती ओली काठी परत नळकांड्यात. भाऊजींकडे पाहुणे फार येतात.

आणि माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा त्यांच्या घरापासून पाऊण मैलावर, उघड्यावर पडलेला होता. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. स्वच्छ, नवा बर्फ चार इंच जाड झाला की माणसाने चालायला हरकत नाही असे तिथले सरकारी खाते सांगते. मग निम्मा गाव त्या बर्फावर जातो. हातात गिरमिट, सुताराचे असते तसेच, पण कमरेइतके. त्याने बर्फाला वीतभर रुंद भोक पाडायचे, उलट्या बादलीवर बसायचे आणि भोकात गळ सोडायचा. काठी जेमतेम दोन-अडीच फुटांची, पण तीच, काचेची नाहीतर कार्बनची. उणे पंधरा, उणे वीस. कड्यांवर बर्फ धरतो तो बोटाने चिमटून काढतात आणि पुन्हा बसतात. क्रॅपी, पर्च, सनफिश मिळतात. मासेमारीचा परवानासुद्धा तिथे मार्च ते फेब्रुवारी असतो. म्हणजे सरकारने हिवाळा वर्षातून वगळलेला नाही. संध्याकाळी या काठ्या उघड्या ट्रकात मागे टाकून लोक घरी जातात आणि काठ्या रात्रभर तिथेच पडून राहतात.

आता मला सांगा, जी वस्तू उणे वीसला दिवसभर राबते, ती उणे दहाला गॅरेजच्या भिंतीवर रजा घेतल्याने मरते? हा कुठला हिशेब? मी भाऊजींना तळ्यावर नेऊन ही रांग दाखवली. पाहून ते म्हणाले, "त्या स्पेशल असतात." आमच्याकडे व्याज चुकले की ग्राहकाला सांगायचे उत्तर यापेक्षा फार वेगळे नसते.

नव्या शोधांची तर इथे गरजच नव्हती. इंग्रजीत गळाने मासे पकडण्यावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ सालचे. त्यात काठीचे लाकूड तोडायचे ते शरद-हिवाळ्यात, आणि मग घराच्या छताशी धुरात टांगून पुरते वाळवायचे असे सांगितले आहे. आमच्या आजोळी कोकणात वेळू चुलीवरच्या माळ्यात ठेवत ते याच न्यायाने. ते अखंड लाकूड, सरसाचा जोड नाही, म्हणून ऊब चालली. पण मुद्दा कोरडेपणाचा, आणि तो पाचशे वर्षांपूर्वी दोन्हीकडे ठाऊक होता.

काय करायला हवे, ते एका दमात सांगून टाकतो. काठी पुसावी, सांधे सुटे करावेत, दोन दिवस उघड्यावर वाळू द्यावी. नळकांडे प्रवासापुरते, मुक्कामाला सुती पिशवी. काठी कोपऱ्यात तिरकी टेकवू नये, वाकते, आणि बांबूची वाकली की बाक धरते, सरळ टांगावी. रीळ काढून त्याचा ताण सैल करावा. गॅरेजमध्ये थंडीपेक्षा उंदरांची काळजी घ्यावी. आणि एकदा टांगली की वसंतापर्यंत आत-बाहेर नाचवू नये. झाले. याला भट्टी लागत नाही.

ताईला हे पटले. तिने अण्णांच्या जुन्या धोतराच्या दोन पिशव्या शिवल्या. सुटलेल्या जोडाची काठी बांबूच्या काठ्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दिली. दुरुस्तीचा आकडा इथे देत नाही, माझ्या वेतनश्रेणीचा अपमान होईल. भाऊजींनी तो निमूटपणे भरला. माणूस वाईट नाही हो. काठी भट्टीशेजारी ठेवली ती मायेनेच.

आणि माझे खरे भांडण तिथेच आहे. कारण नोव्हेंबर लागला, की त्या घरात अण्णांनाही हाच नियम लागू होतो. घर २१ अंशांवर, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि दाराच्या मुठीला हात लावला तर ठिणगी उडते. अशा घरात अण्णा दोन स्वेटर, मोजे आणि कानटोपी घालून खिडकीशी. समोर मराठी मालिका. बाहेर दिसतो शेजारचा माणूस, त्या म्हाताऱ्या बाईंचा भाऊ, वय ८१, गिरमिट खांद्यावर टाकून तळ्याकडे निघालेला. त्याने दोनदा बोलावून पाहिले. भाऊजींनी दोन्हीदा अण्णांच्या वतीने आभार मानले. "या वयात? त्या थंडीत? इथं काय कमी आहे त्यांना?"

कमी काही नव्हते. फक्त मी आलो त्या दिवशी अण्णा जिन्याच्या पाच पायऱ्या चढून थांबले, आणि निघालो त्या दिवशी तीन. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. घरात चालायचे कुठे, सोफ्याभोवती?

बर्फावर पाय घसरतो, या वयात हाड मोडले तर बसत नाही, हे मी नाकारत नाही. अण्णांना उघड्या तळ्यावर बादलीवर बसवा असेही माझे म्हणणे नाही. पण बुटांना लावायचे खिळे तिथे दुकानात मिळतात, शेजाऱ्याची बर्फावर लाकडी खोपटी आहे, आत शेगडी आहे, खुर्ची आहे. तास-दीड तास जाऊन यावे. मी हे भाऊजींना म्हणालो. ते म्हणाले, "तू सहा दिवसांनी जाणार. काही झालं तर निस्तरायचं मला." यावर मला उत्तर नव्हते, आणि नाही. तरी अण्णांना काय वाटते, हे विचारायला काय हरकत होती? काठी वाळू दे म्हणाले तेव्हाही त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांचे बरोबर होते.

निघायच्या आदल्या रात्री मी हा प्रश्न टेबलावर ठेवला. ताई गप्प, भाऊजी गप्प. अण्णा म्हणाले, "जाऊ दे रे." आमच्या भाषेत सांगायचे तर प्रकरण वरिष्ठांच्या विचाराधीन राहिले.

परवा रात्री साडेदहाला अण्णांचा फोन आला. काठी दुरुस्त होऊन आली आहे, गॅरेजमध्ये धोतराच्या पिशवीत टांगली आहे, रोज एकदा बघून येतो, ठणठणीत आहे. मग आवाज खाली आला.

"बर्फ सात इंच झालाय. शेजारच्याने मोजला. शनिवारी जातोय. तुझे भाऊजी सोडायला येणार आहेत, खोपटीच्या दारापर्यंत."

"भाऊजी? ते कसे काय तयार झाले?"

"तयार कुठला? येताना तोंड एवढं करूनच येणार आहे. थांबतो म्हणाला खोपटीत, माझ्यावर लक्ष ठेवायला. म्हटलं, थांब. येताना तुझी एक काठीपण घेऊन ये, तिची चिठ्ठी तरी निघेल."

मी विचारले, "अण्णा, कानटोपी घालणार ना?"

"घालतो की! मला थंडी वाजते. काठीला कुठं वाजते?"